हत्ती, डॉल्फिन आणि एक अर्धविराम

बालमित्रांनो, अर्धविराम कुठे वापरतात, सांगा पाहू?

"दोन छोटी वाक्यं जोडताना, बाई!"

शाब्बास! व्याकरणाच्या तासाला हे उत्तर दिलंत तर पूर्ण गुण. पण असाच एक इवलासा अर्धविराम आमच्या शाळेची ६४३ पुस्तकं अडवून बसला होता असं सांगितलं, तर खरं वाटेल? नाही ना? मग ऐकाच ही गोष्ट. यात माझीही एक चूक आहे. तीसुद्धा सांगणार आहे. शिक्षकांच्या चुका ऐकायला तुम्हाला आवडतात, हे मला ठाऊक आहे!

आमची शाळा पहिली ते सातवीची. शाळेत मुलांचं मंत्रिमंडळ आहे. सातवीतला एक मुलगा ग्रंथालयमंत्री होता. ग्रंथालय म्हणजे काय, तर दोन लोखंडी कपाटं. त्यांची किल्ली मंत्र्याकडे असायची. ती तो दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचा आणि मोठ्या रुबाबात वावरायचा.

पुस्तकांची नोंदवही जुनी झाली होती, पानं सुटली होती. म्हणून आम्ही ठरवलं, सगळी यादी संगणकावर घ्यायची. आमचा एक माजी विद्यार्थी शहरात तंत्रनिकेतनात शिकतो. त्याने सुट्टीत येऊन एक छोटा प्रोग्रॅम करून दिला. पुस्तकाचं नाव टाका, ते कपाटात आहे की कोणी नेलंय, लगेच दिसणार! मुलांनी अडीच महिने मधल्या सुट्टीत बसून एकेक पुस्तक टाईप केलं. मोजून ६४३ पुस्तकं.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, तुम्हाला माहीतच आहे. माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा तो जन्मदिवस. त्या दिवशी पालकांना बोलावून ही यादी दाखवायची असं ठरलं. आणि नेमका त्याच आठवड्यात शाळेला दुसरा, जरा नवा संगणक मिळाला. संगणक दुरुस्त करणारे काका आले, त्यांनी त्यावर सगळं बसवून दिलं, जुन्या संगणकावरची यादीही पेन ड्राइव्हवरून आणून ठेवली आणि ते गेले.

### 'फेटल' म्हणजे काय हो, बाई?

१३ तारखेला सकाळी आम्ही मोठ्या ऐटीत प्रोग्रॅम उघडला. पडद्यावर यादी नाहीच! पांढरं पान आणि त्यावर इंग्रजीच्या तीन-चार ओळी. सुरुवातीलाच जाड अक्षरात 'फेटल एरर'. एकीने पळत जाऊन शब्दकोश आणला. 'फेटल' म्हणजे प्राणघातक!

झालं! वर्गात एकच गलका. "यादी मेली!" "सगळी पुस्तकं गेली!" पहिल्या बाकावरच्या दोघी तर रडायच्या बेतात.

मी विचारलं, "काल या संगणकावर कोण बसलं होतं?"

सगळ्यांच्या माना ग्रंथालयमंत्र्याकडे वळल्या. तो उभा राहिला. म्हणाला, "बाई, मी बसलो होतो. पण मी फक्त चित्र काढलं. यादीला हातसुद्धा नाही लावला."

मुलांनो, इथेच माझी चूक झाली. दोन दिवसांवर कार्यक्रम, पालकांना निमंत्रणं गेलेली. माझा तोल गेला. "हात लावला नाहीस तर यादी आपोआप गेली का?" असं मी सगळ्यांसमोर त्याला बोलले आणि कपाटाची किल्ली मागितली. त्याने गळ्यातला दोरा काढला, किल्ली टेबलावर ठेवली आणि जागेवर जाऊन बसला. दिवसभर तो कोणाशी बोलला नाही.

### ड्रायव्हर सापडला नाही!

दुसऱ्या दिवशी परिपाठ संपल्यावर तो हळूच माझ्याजवळ आला. हातात वही. आदल्या दिवशी पडद्यावरच्या सगळ्या ओळी त्याने एकेक अक्षर करून उतरवून घेतल्या होत्या. घरी शब्दकोश घेऊन बसला होता. म्हणाला, "बाई, यात 'यादी गेली' असं कुठेच लिहिलेलं नाही. यात लिहिलंय, 'कुड नॉट फाइंड ड्रायव्हर'. म्हणजे ड्रायव्हर सापडला नाही."

मागून कोणीतरी ओरडलं, "म्हणजे आपल्या एसटीसारखं! गाडी उभी, प्रवासी हजर आणि ड्रायव्हरचा पत्ताच नाही!"

सगळे हसले. मीही हसले. पण मनात म्हटलं, अरे, बरोबर आहे की! ड्रायव्हर आला नाही म्हणून प्रवासी काही नाहीसे होत नाहीत. जाड अक्षरातला पहिला शब्द वाचून आम्ही घाबरलो आणि पुढची ओळ कोणी वाचलीच नव्हती. ती वाचली ज्याच्यावर आळ आला होता, त्याने.

मी लगेच माजी विद्यार्थ्याला फोन लावला. मंत्र्याने वहीतला मजकूर त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "बाई, घाबरू नका. यादी बहुतेक जागच्या जागी असेल. आपण एकेक गोष्ट तपासू."

### हत्तीला डॉल्फिनची भाषा कळेना

पुढचं नीट कळायला हवं असेल, तर आधी दोन पात्रांची ओळख करून घेऊ.

पहिलं पात्र आहे पीएचपी. ही वेबपानं तयार करण्याची एक संगणकभाषा. तुम्ही 'पुस्तक शोधा' या बटणावर टिचकी मारली, की उत्तराचं पान तयार करायचं काम पीएचपीचं. हिची सुरुवात केली रासमुस लेरडॉर्फ यांनी. त्यांचा जन्म ग्रीनलंडमधला. स्वतःच्या माहितीचं पान किती जण बघतात, हे मोजायला १९९४ मध्ये त्यांनी काही छोटे प्रोग्रॅम लिहिले आणि १९९५ मध्ये ते सर्वांना खुले केले. तेव्हा पीएचपी म्हणजे 'पर्सनल होम पेज'. आता या नावाचा अर्थ बदलून 'पीएचपी : हायपरटेक्स्ट प्रीप्रोसेसर' असा केलाय. म्हणजे पहिल्या 'पी'चा अर्थ पुन्हा पीएचपीच! आहे की नाही गंमत? पीएचपीचं बोधचिन्ह आहे एक निळा हत्ती.

दुसरं पात्र मायएसक्यूएल. हे माहितीचं कोठार. याला डेटाबेस म्हणतात. आमची ६४३ पुस्तकं याच्याच रकान्यांत नीट मांडून ठेवलेली. हे तयार करणाऱ्यांपैकी एक म्हणजे फिनलंडचे मायकेल विडेनियस. त्यांच्या मुलीचं नाव इंग्रजीत एम आणि वाय या दोन अक्षरांनी लिहितात. आपण ते 'माय' असं वाचतो. तेच नाव त्यांनी डेटाबेसला दिलं. मराठीत माय म्हणजे आई, इथे मात्र माय म्हणजे लेक! पुढे त्यांनी आणखी एक डेटाबेस काढला, त्याला धाकट्या मुलीचं नाव दिलं. तो मारियाडीबी. मायएसक्यूएलचं बोधचिन्ह आहे डॉल्फिन.

आता विचार करा. हत्ती जमिनीवरचा, डॉल्फिन पाण्यातला. दोघांची भाषा वेगळी. त्यांचं बोलणं व्हायचं तर मध्ये दुभाष्या हवा. या दुभाष्यालाच संगणकाच्या जगात 'ड्रायव्हर' म्हणतात. तो एक छोटासा जोडप्रोग्रॅम असतो. हत्ती विचारतो, "अमुक पुस्तक आहे का?" दुभाष्या ते डॉल्फिनच्या भाषेत सांगतो, डॉल्फिन उत्तर देतो, दुभाष्या ते परत आणतो. दुभाष्या नसेल तर? हत्ती ठणठणीत, डॉल्फिनही ठणठणीत, पण बोलणं बंद!

तुम्ही म्हणाल, मग दुभाष्या कायमचाच हत्तीच्या पाठीवर का बसवत नाहीत? अहो, डेटाबेस काही एकच नाही. मायएसक्यूएल आहे, पोस्टग्रेएसक्यूएल आहे, एसक्यूलाइट आहे, ओरॅकल आहे. प्रत्येकाचा दुभाष्या वेगळा. तुम्ही रोज सगळ्या विषयांची पुस्तकं दप्तरात कोंबता का? वेळापत्रक बघून हवी तेवढीच घेता ना? इथेही तसंच. कोणते दुभाषे सोबत घ्यायचे, ते आपण सांगायचं.

### शोध सुरू

आता परत आमच्या वर्गात या. फोन टेबलावर, पलीकडे माजी विद्यार्थी आणि संगणकासमोर मी कोणाला बसवलं असेल? ग्रंथालयमंत्र्यालाच!

पहिली तपासणी : यादी आहे का? मायएसक्यूएलची स्वतःची काळी खिडकी उघडली. तिथे पीएचपीची गरज लागत नाही, थेट डॉल्फिनशीच बोलता येतं. 'किती पुस्तकं आहेत ते मोज' असा हुकूम टाईप केला. क्षणात उत्तर आलं : ६४३! वर्गात टाळ्या. यादी सुखरूप होती.

दुसरी तपासणी : पीएचपीकडे दुभाष्या आहे का? दुसऱ्या खिडकीत पीएचपी, मग रिकामी जागा, मग उणे चिन्ह आणि एम, एवढंच टाईप केलं. पीएचपीने आपल्याकडच्या सगळ्या जोडण्यांची नावं एकाखाली एक लिहून दाखवली. मंत्री बोट ठेवून वाचू लागला. मध्येच ओरडला, "पीडीओ आहे!"

फोनवरून आवाज आला, "पीडीओ हे दुभाष्यांचं कार्यालय. ते उघडं आहे. पण त्यात मायएसक्यूएलचा दुभाष्या बसलाय का? पीडीओ-मायएसक्यूएल असं नाव शोध."

पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. ते नाव नव्हतं. कार्यालय उघडं, खुर्ची रिकामी! म्हणूनच 'ड्रायव्हर सापडला नाही'.

तिसरी तपासणी : दुभाष्या गेला कुठे? पीएचपीची एक सूचनांची फाईल असते. तिचं नाव पीएचपी डॉट आयएनआय. पीएचपी सुरू होताना आधी ही फाईल वाचते आणि मग कामाला लागते. आधी आम्ही त्या फाईलची एक प्रत काढून ठेवली. मग फाईल उघडली आणि शोधता शोधता ती ओळ सापडली. त्यात लिहिलं होतं, एक्स्टेंशन बरोबर पीडीओ-मायएसक्यूएल. म्हणजे 'हा दुभाष्या सोबत घे.'

"बाई, ओळ तर आहे की!" मंत्री गोंधळला.

पलीकडून प्रश्न आला, "ओळीच्या अगदी सुरुवातीला काय आहे?"

त्याने डोळे बारीक करून पाहिलं. "एक अर्धविराम आहे."

"तोच आपला चोर!"

गंमत ऐका हं. पीएचपीचा प्रोग्रॅम लिहिताना वाक्याच्या शेवटी अर्धविराम द्यावाच लागतो. आपण पूर्णविराम देतो तसा. पण या सूचनांच्या फाईलमध्ये ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम असेल, तर त्याचा अर्थ 'ही ओळ वाचू नकोस, पुढे जा'. चिन्ह एकच, जागा बदलली की काम बदललं! विंडोजवर पीएचपी सुटी आणून बसवली, तर फाईलच्या नमुन्यात ही ओळ अशी झोपवलेलीच असते. ज्याला हवी त्याने अर्धविराम काढून तिला जागं करायचं. जुन्या संगणकावर हत्ती, डॉल्फिन, दुभाष्या असा सगळा एकत्र बांधलेला तयार गठ्ठा बसवला होता. म्हणून तिथे हे कधी करावंच लागलं नाही. नव्या संगणकावर मात्र ते राहून गेलं होतं.

मंत्र्याने अर्धविराम खोडला. फाईल जतन केली. पान पुन्हा उघडलं. सगळ्यांनी श्वास रोखलेले... आणि पुन्हा तेच, 'फेटल एरर'!

सगळ्यांची तोंडं उतरली. मी म्हटलं, झालं, आता हा मुलगा पुन्हा रडवेला होणार. पण तो म्हणाला, "दादा, यादी परत मागून बघू का? दुभाष्याचं नाव आलंय का ते कळेल." पुन्हा उणे एम केलं. यादीत आता पीडीओ-मायएसक्यूएल दिसत होतं! मग पान का उघडेना?

फोनवरचा दादा हसला. "पानं पुरवणारा वेब सर्व्हर सकाळपासून सुरू आहे ना? त्याने सूचना सुरू होतानाच वाचल्या. तुम्ही फाईल बदललीत, ते त्याला कसं कळणार? त्याला एकदा बंद करून पुन्हा सुरू करा."

केलं. पान उघडलं. आणि पडद्यावर ६४३ पुस्तकांची यादी ओळीने हजर!

किल्ली माझ्या टेबलाच्या खणात होती. मी ती काढली, सगळ्या वर्गासमोर त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "माझं चुकलं. काय झालंय ते न वाचताच मी तुला दोषी ठरवलं." तो लाजला. किल्ली गळ्यात घातली आणि म्हणाला, "असू दे, बाई. पण आता वहीत लिहून ठेवतो, पुढच्या मंत्र्याला उपयोगी पडेल." दुसऱ्या दिवशी पालकांसमोर यादी दाखवली ती त्यानेच.

### आपणच एकटे नव्हतो!

मुलांनो, हा दुभाष्या हरवण्याचा प्रकार फक्त आमच्याच शाळेत झाला असं समजू नका. २००० मध्ये पीएचपीची चौथी आवृत्ती आली, तेव्हा मायएसक्यूएलशी बोलायची सोय तिच्यासोबतच मिळायची. जुलै २००४ मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि ही सोय आपोआप मिळणं बंद झालं. ज्याला हवी त्याने ती वेगळी जोडायची. आनंदाने नवी आवृत्ती बसवणाऱ्या कितीतरी मोठ्या माणसांना आपली चालती पानं अचानक बंद पडलेली दिसली!

पुढे डिसेंबर २०१५ मध्ये सातवी आवृत्ती आली, तेव्हा तर मायएसक्यूएलचा सगळ्यात जुना दुभाष्या निवृत्तच झाला. त्याच्या जागी आधीपासून तयार असलेले दोन नवे दुभाषे वापरायचे. एक मायएसक्यूएल-आय आणि दुसरा आपला पीडीओ-मायएसक्यूएल. ज्यांचे प्रोग्रॅम जुन्यालाच हाका मारत होते, त्यांना उत्तर मिळू लागलं, 'असं कोणी इथे नाही.' लिनक्सच्या उबुंटूवरही पीएचपी बसवली म्हणून मायएसक्यूएलचा दुभाष्या आपोआप येत नाही. तो 'पीएचपी-मायएसक्यूएल' नावाच्या वेगळ्या गाठोड्यातून आणावा लागतो.

आणि ही जोडी किती मोठी कामं करते, माहीत आहे? प्रकल्पासाठी तुम्ही विकिपीडिया उघडता ना? तो ज्या प्रोग्रॅमवर चालतो, तो मीडियाविकी पीएचपीतच लिहिलेला आहे. आपला मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला, तोही त्यावरच. विकिपीडियाची माहिती आधी मायएसक्यूएलमध्ये असायची. २०१३ मध्ये ती मारियाडीबीकडे नेली. म्हणजे थोरल्या बहिणीकडून धाकटीकडे!

### आमच्या मंत्र्याची वही

त्या दिवशी मंत्र्याने वहीत लिहिलेले नियम तुमच्यासाठी देते. ते फक्त पीएचपीलाच नाही, तर सायकल, पंखा आणि गणितालाही लागू पडतात हं!

१. संगणकाने काही लिहून दाखवलं तर घाबरून खिडकी बंद करू नका. शेवटच्या शब्दापर्यंत वाचा आणि वहीत उतरवून घ्या.

२. एकेक भाग वेगळा तपासा. माहिती आहे का? प्रोग्रॅम आहे का? दोघांना जोडणारा दुवा आहे का?

३. काहीही बदलण्याआधी फाईलची प्रत काढा. शेजारी मोठं माणूस असू द्या.

४. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर कशाने जमलं तेच कळत नाही.

५. सूचनांची फाईल बदलल्यावर वेब सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करा.

६. ज्या फाईलमध्ये बदल करतोय तीच फाईल पीएचपी वाचतेय ना, ते पाहा. कधीकधी एकाच नावाच्या दोन फाईल असतात! पीएचपीइन्फो नावाची आज्ञा दिली की कोणती फाईल वाचली ते ती स्वतःच सांगते.

सातवा नियम मी लिहिला. तो तुमच्या आईबाबांसाठी आणि माझ्यासारख्या बाईंसाठी आहे. तेव्हा हे पान त्यांनाही जरूर वाचायला द्या.

७. काही बंद पडलं, की आधी 'काय झालं?' असं विचारायचं. 'कोणी केलं?' हा प्रश्न नंतर. पुष्कळदा पहिल्याचं उत्तर सापडलं, की दुसरा विचारायची गरजच उरत नाही.

बरंय तर, मित्रांनो! आता पुढच्या वेळी निबंधात अर्धविराम देताना जरा जपून बरं का. कुठे बसून काय अडवून ठेवेल, सांगता येत नाही!